गाडीला जोडलेली विहीर

वसईहून आल्यापासून जो भेटतो तो किल्ला पाहिला का म्हणून विचारतो. किल्ला पाहिला नाही. समुद्र पाहिला, तोही लांबून, झाडांच्या फटीतून. चार दिवसांत मी तिथे सगळ्यात जास्त काय पाहिलं असेल तर माझ्याच गाडीचं उघडं बॉनेट. तेव्हा प्रेक्षणीय स्थळांची माहिती हवी असलेल्यांनी इथेच थांबलेलं बरं.

आमच्या नाशिकच्या शाळेत इनास सर इतिहास शिकवतात, मी पदार्थविज्ञान. त्यांचं घर वसईत, खाडीच्या अंगाला असलेल्या एका लहानशा गावात. ‘या एकदा आमच्याकडे,’ असं ते पाच वर्षं म्हणत होते. यंदा मे महिन्यात आम्ही निघायचं ठरवलं आणि नेमकी त्यांच्या गळ्यात पेपर तपासणी पडली. ‘मी नसलो तरी जाच,’ ते म्हणाले. ‘थोरला भाऊ आहे, बस्त्याव. कतरीनवहिनी आहे. मी पत्र टाकलंय.’ यजमान घरी नसताना पाहुणे म्हणून जाणं मला काही प्रशस्त वाटेना. पण तोवर कुसुमने, म्हणजे माझ्या बायकोने, पिशव्या भरल्या होत्या.

गाडी दिवाळीत घेतलेली, जुनी. आमच्याआधी ती किती हातांतून गेली हे मी विचारलं नव्हतं, कारण उत्तर ऐकायची इच्छा नव्हती.

बुधवार, कामणचा रस्ता

कसाऱ्याचा घाट उतरताना गाडीने काही कुरकुर केली नाही. उतारावर कोण करतं? भिवंडी मागे टाकून कामणच्या रस्त्याला लागलो आणि मग तापमानाचा काटा मधली रेघ ओलांडून चढायला लागला. मला रस्त्यापेक्षा काट्यांकडे जास्त बघायची सवय आहे. कुसुमला ती मुळीच आवडत नाही. त्या दिवशी मात्र सवय कामाला आली. काटा लाल पट्ट्यात शिरला, पुढून फुसफुस ऐकू आली, तशी मी गाडी एका चिंचेखाली घेतली आणि बंद केली.

‘झाकण उघडा ना, वाफ जाऊ दे,’ कुसुम म्हणाली.

मी तिला आपल्या घरातल्या कुकरची आठवण करून दिली. रेडिएटरचं झाकण म्हणजे कुकरचंच झाकण. ते घट्ट स्प्रिंगने दाबून बसवलेलं असतं. आत दाब राहिला की पाणी शंभर अंशांनाही उकळत नाही, अजून थोडी उष्णता सहन करतं. तापलेलं असताना उघडलं तर दाब एकदम जातो आणि सगळं पाणी एका क्षणात उकळून तोंडावर येतं. हे सगळं मी रस्त्याच्या कडेला उभा राहून, बोट उंचावून सांगितलं. ती दशम्यांचा डबा उघडून बसली होती. तासाभराने झाकणावर फडकं टाकून ते हळूच सैल केलं, आमच्या पिण्याच्या पाण्यातलं निम्मं आत ओतलं आणि निघालो. मग दर थोड्या अंतरावर तेच. चिंचोटीच्या नाक्यावरच्या चहावाल्याकडे तर आम्ही दोनदा चहा घेतला, दुसरा निव्वळ इंजिन निवेपर्यंत वेळ जावा म्हणून.

माणिकपूरला रस्त्यालाच एक गॅरेज दिसलं. मालक राऊतशेट, धोतरावर बुशशर्ट, कानाला पेन्सिल. त्यांनी बॉनेटमध्ये नुसतं डोकावून पाहिलं. ‘मास्तर, आज सोडाल तर सोमवारी बघतो. चार गाड्या आधी उभ्या आहेत.’ सोमवारपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. सोमवारी मला शाळेत हजर राहायचं होतं. गाडी तशीच पुढे रेटली आणि केळीच्या बागांमधून जाणाऱ्या अरुंद रस्त्याने, वाफा सोडत, बस्त्यावच्या दारात पोचलो.

बस्त्याव पन्नाशीचा, आडव्या बांध्याचा, बनियन आणि गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट. नमस्कार-चमत्कार होण्याआधीच त्याने बॉनेटवर हात ठेवला आणि चटकन उचलला.

‘ही तर भाकरी भाजेल,’ तो म्हणाला. ‘या वहिनी, आत या. गाडीचं मी बघतो.’

त्याच संध्याकाळी

घरात ती माणसं आपसांत जी बोली बोलतात ती आम्हाला धड समजत नव्हती. चार शब्द ओळखीचे वाटायचे, पाचव्याला दांडी उडायची. आमच्याशी मात्र सगळे जपून, आम्हाला समजेल असं बोलत. कतरीनवहिनींनी आम्ही मासे खात नाही हे पत्रातून वाचलं होतं, म्हणून आमच्यासाठी नवं मातीचं भांडं आणून त्यात चवळीची उसळ केली होती. सोबत तांदळाच्या पांढऱ्याशुभ्र भाकऱ्या. जेवण झाल्यावर सुकेळी आली, म्हणजे राजेळी केळी सोलून उन्हात वाळवून केलेला मधाच्या रंगाचा, चिवट, गोड प्रकार. आमच्याकडे द्राक्षं वाळवतात, इथे केळी. मी सहा खाल्ली. पाणी मात्र किंचित मचूळ होतं. खाडी जवळ, तेव्हा विहिरीत तेवढा खारटपणा यायचाच.

बस्त्याव काय करतो हे कुसुमने स्वयंपाकघरात बसून काढून घेतलं आणि रात्री मला सांगितलं. तो बागांच्या विहिरींवरच्या डिझेल इंजिनांचा फिटर. पंचवीस वर्षं आसपासच्या बागांतली सगळी इंजिनं त्याच्या हाताखालून गेली. पण दोन वर्षांपूर्वी बागांमध्ये विजेचे खांब आले आणि जो तो मोटर बसवायला लागला. इंजिनं भंगारात निघाली. मोटर बिघडली की तिला वायरमन लागतो, फिटर नव्हे. बस्त्याव राऊतशेटकडे काम मागायला गेला होता. राऊतशेट म्हणाले, ‘तुझा हात चांगला आहे, ऐकून आहे मी. पण मला गाड्यांचा माणूस पाहिजे. एखादी गाडी नीट करून आणून दाखव, मग बघू.’

‘आणि गावात गाडी कुणाकडे आहे?’ कुसुम म्हणाली. ‘पहिली आपलीच आली.’

म्हणजे आमच्या तापलेल्या गाडीवर बस्त्यावची उमेदवारी होती. मला हे ऐकून जरा अस्वस्थ वाटलं. माझी गाडी कुणाच्या शिकण्यासाठी असावी असं मला वाटत नव्हतं, हे खरं कारण.

गुरुवार, बागेत

सकाळी अंघोळ बागेत. बस्त्यावच्या विहिरीवर अजून इंजिनच आहे. विहिरीतून ओढलेल्या पाण्यातलं थोडं पाणी बोटाएवढ्या नळीने इंजिनच्या पोटात शिरतं, त्याच्या भोवती फिरून उष्णता घेतं आणि दुसऱ्या नळीने गरम होऊन बाहेर पडतं. ते गरम पाणी पाटात जाण्याआधी एका सिमेंटच्या टाकीत पडतं आणि सगळं घर तिथे अंघोळ करतं. चूल पेटवणं नाही, बंब नाही. इंजिन धकधक करत केळीला पाणी पाजतंय आणि टाकीत ऊन ऊन धार पडतेय. कुसुमने पाऊण तास अंघोळ केली. नाशिकला आमच्या बंबाला लागणारी लाकडं आठवून मला या लोकांचा हेवा वाटला.

दुपारी कतरीनवहिनी आम्हाला त्यांच्या देवळात घेऊन गेल्या. देऊळ म्हणजे चर्च. त्या देऊळच म्हणतात. परत आलो तर बागेत माझी गाडी विहिरीजवळ उभी. बॉनेट उघडं, इंजिन चालू. पंपाची एक रबरी नळी रेडिएटरच्या तोंडात खोचलेली आणि इंजिनच्या बगलेत पाणी काढून टाकायची जी तोटी असते ती सताड उघडी. एका बाजूने विहिरीचं गार पाणी आत जात होतं, दुसऱ्या बाजूने कोमट पाणी केळीच्या बुंध्याशी वाहत होतं.

‘दोन तास झाले, मास्तर,’ बस्त्याव म्हणाला. त्याचा चेहरा फुलला होता. ‘काटा बघा. हलला नाय. आतमधे गाळ होता, सगळा निघाला. आता नाय तापनार.’

मी आत बसून काटा पाहिला. खरंच खाली होता. वीस वर्षं मी मुलांना उष्णतेचं वहन शिकवतोय. त्या काट्याकडे पाहून मी काय केलं असेल? बाहेर येऊन बस्त्यावच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, ‘शाबास!’ हे इथे मुद्दाम लिहून ठेवतो.

संध्याकाळी त्याने घरातल्या सगळ्यांना बोलावून काटा दाखवला. कतरीनवहिनींनी पाहिला. शेजारच्या बागेतल्या म्हाताऱ्यानेही येऊन पाहिला, चष्मा पुसून.

शुक्रवार, चिंचोटीचा नाका

सकाळी बस्त्यावला शेजारी घेऊन मी फेरी मारायला निघालो. बेत असा होता की चिंचोटीच्या नाक्यापर्यंत जायचं, परत फिरायचं आणि उद्या राऊतशेटना गाडी दाखवून तसंच नाशिकला निघायचं. माणिकपूर गेलं. काटा मध्यावर आला. बस्त्याव पुढे वाकून काट्याकडे बघायला लागला. नाका दिसायला लागला तेव्हा काटा लाल पट्ट्यात होता. चहावाल्याने आम्हाला ओळखलं आणि न विचारता चहा टाकला.

बस्त्याव बाकावर बसला नाही. उघड्या बॉनेटसमोर उभा राहून तो त्या वाफेकडे पाहत होता. विजेचे खांब आले तेव्हाही तो असाच उभा राहिला असेल, असं मला वाटून गेलं. मला राग आला होता, मुख्यतः स्वतःचा, पण तो माझ्या आवाजात त्याच्यावर निघाला.

‘अहो, विहीर लावल्यावर कुठलंही इंजिन गारच राहणार. गाडीला विहीर बरोबर नेता येते का?’

‘मग गाडीला गार कोन करतो?’ त्याने विचारलं. चिडून नाही, खरंच विचारलं.

मग मी सांगितलं. गाडीकडे बादलीभर पाणी असतं, तेवढंच. तेच पाणी फिरत राहतं. इंजिनच्या भिंतींमधून फिरताना ते तापतं, वरच्या रबरी नळीने पुढच्या रेडिएटरमध्ये येतं, तिथल्या बारीक बारीक नळ्यांतून खाली उतरताना वाऱ्याने गार होतं आणि खालच्या नळीने परत इंजिनात जातं. त्याला ढकलायला एक छोटा पंप असतो. गाडी उभी असली की वारा मिळत नाही, म्हणून पंखा. पंप आणि पंखा दोन्ही एकाच पट्ट्याने इंजिनच फिरवतं.

‘म्हंजे तेच पानी परत परत? उष्टं?’

‘उष्टं.’

‘आनि वारा त्याला गार करतो.’ त्याचा विश्वास बसत नव्हता. ज्याच्या इंजिनाला सदैव ताजं पाणी मिळतं त्याला हे पटणं कठीणच. तेवढ्यात चहा आला. बस्त्यावने सवयीने तो बशीत ओतला, फुंकर मारली आणि बशी तोंडाशी नेता नेता थांबला.

‘बशी,’ तो म्हणाला. ‘ते पुढचं जाळीचं म्हंजे बशी. पसरून ठेवायचं आनि वारा घालायचा.’

एवढं सोपं मला वर्गात कधी सुचलं नव्हतं. मी मान हलवली.

त्याने बशी तशीच बाकावर ठेवली आणि बॉनेटकडे गेला. फडकं गुंडाळून इंजिनच्या बाजूला हात नेला. मग वरच्या रबरी नळीला हात लावला. पहिल्यांदा बोटाच्या टोकाने, मग सबंध मुठीत धरली.

‘मास्तर, इकडे या. इंजिन उकळतंय आनि ही नळी बघा. हात ठेवता येतो. उकळलेलं पानी हितून यायला पायजे ना? मग ही गार का?’

मी हात ठेवला. नळी कोमट होती. आणि मग मला कळलं. त्या नळीच्या तोंडाशी एक झडप असते. इंजिन थंड असेल तोवर ती मिटलेली असते, म्हणजे पाणी बाहेर न जाता आतल्या आत फिरतं आणि इंजिन लवकर गरम होतं, कारण थंड इंजिन पेट्रोल फार खातं. पुरेसं गरम झालं की झडप आपोआप उघडते आणि पाण्याला रेडिएटरची वाट मोकळी होते. आमची झडप मिटूनच राहिली होती. रेडिएटर पुढे गार बसला होता आणि मागे इंजिन उकळत होतं.

‘केळीच्या वाफ्याचं तोंड उघडलंच नाय,’ बस्त्याव म्हणाला. ‘पाटात पानी, वाफा सुका.’

त्याच दुपारी, कतरीनवहिनींच्या चुलीपाशी

थांबत थांबत घरी आलो. इंजिन निवल्यावर बस्त्यावने वरच्या नळीखालचे दोन बोल्ट काढले आणि झडप बाहेर आली. पितळेची, पेढ्याएवढी, मध्ये स्प्रिंग. गंज आणि क्षारांनी सगळी पांढरी-तांबडी झालेली. आता ती खरोखरच बिघडली आहे का, हे पाहायला उकळतं पाणी हवं होतं.

कतरीनवहिनींनी सगळी चांगली भांडी फडताळात सरकवली आणि कपड्यांची खळ शिजवायचा टोप पुढे केला. चुलीवर पाणी चढलं. बस्त्यावने तारेला बांधून झडप टोपात सोडली. कुसुमने मदत म्हणून पिशवीतून ताप मोजायचा थर्मामीटर काढला, तो मी घाईघाईने परत ठेवायला लावला. तो उकळत्या पाण्यात फुटला असता. थर्मामीटरची गरजही नव्हती. झडप उकळी येण्याच्या बऱ्याच आधी उघडायला हवी. पाणी खळखळून उकळलं तरी ती मिटलेली राहिली, तर ती मेली असं समजायचं.

आम्ही चौघं टोपाभोवती वाकून बसलो. वाफ डोळ्यांत जात होती.

‘हे शिजायला किती वेळ लागतो?’ कतरीनवहिनींनी विचारलं.

पाणी खळखळलं. झडप हलली नाही. बस्त्यावने ती तारेने वर काढून पाहिली, परत सोडली. नाही.

‘मेली,’ तो म्हणाला. त्याच्या आवाजात इतका आनंद होता की कतरीनवहिनी हसायला लागल्या. मीही हसलो.

नवी झडप वसईत मिळणार नव्हती. जुनी न बसवताच नळी परत जोडायचं ठरलं. सकाळी इंजिन गरम व्हायला जरा वेळ लागेल, पेट्रोल थोडं जास्त जाईल. मे महिन्यात त्याने काही अडत नव्हतं. मग बस्त्यावने गाडीतलं विहिरीचं मचूळ पाणी सगळं काढून टाकलं आणि गावात एका बागेत गोड पाण्याची विहीर होती तिथून दोन कळश्या स्वतः खांद्यावरून आणल्या. ‘खारं पानीच झडपेला खातं,’ तो म्हणाला. हे मी त्याला सांगितलेलं नव्हतं. संध्याकाळी आम्ही चिंचोटीच्या नाक्यापर्यंत गेलो, पुढे कामणपर्यंत गेलो, परत आलो. काटा मध्याच्या खाली, जागचा हलला नाही. येताना नाक्यावर थांबलो नाही, तर चहावाल्याने हात हलवला.

शनिवार, माणिकपूर

सकाळी कतरीनवहिनींनी सुकेळीची पुडी बांधून दिली. बस्त्याव सायकलवरून पुढे गेला, आम्ही मागून गाडीने. राऊतशेटच्या गॅरेजपाशी तो शर्ट पँटमध्ये खोचून उभा होता.

‘काय मास्तर, झाली का गाडी? काय होतं?’ राऊतशेटनी विचारलं.

विचारलं म्हटल्यावर मी सांगितलं. मला नीटच सांगता येतं. गॅरेजच्या काळ्या पत्र्यावर खडूने इंजिन काढलं, रेडिएटर काढला, बाण काढले. दोन मेकॅनिक हातातली कामं टाकून ऐकायला आले. कुठलीही गोष्ट शिकवताना मध्ये एखादा किस्सा टाकावा, म्हणजे वर्ग जागा राहतो. मी विहिरीचा किस्सा टाकला. नळी कशी खोचली होती, तोटी कशी उघडी होती, दोन तास केळीला कसं कोमट पाणी मिळालं. चांगला रंगला. मेकॅनिक पोट धरून हसले. एक म्हणाला, ‘बस्त्याव, आता प्रत्येक गाडीला मागे विहीर बांधून देनार काय?’ बस्त्यावही हसला. खाली पाहून.

‘मग फॉल्ट काढला कुणी?’ राऊतशेटनी विचारलं.

‘निदान माझं,’ मी म्हणालो, ‘हात याचे.’

‘हात काय, माझ्याकडे पुष्कळ आहेत,’ राऊतशेट म्हणाले आणि बस्त्यावकडे वळले. ‘बघू. सांगतो तुला.’

बस्त्यावने मान डोलावली. आम्हाला हात जोडले, ‘सांभाळून जा, वहिनी,’ म्हणाला आणि सायकल काढून गावाकडे गेला. आम्ही नाशिकच्या रस्त्याला लागलो. गाडी मस्त चालत होती. मी खुशीत होतो.

कामण आलं. कुसुम म्हणाली, ‘परवा विहिरीपाशी तुम्ही त्याला काय म्हणालात?’

‘कधी?’

‘तो काटा दाखवत होता तेव्हा. शाबास म्हणालात. पाठ थोपटलीत. ते नाही सांगितलंत त्या शेटना.’

मी गिअर बदलला. बदलायची गरज नव्हती.

‘आणि ती नळी गार आहे हे तुम्हाला कुणी दाखवलं?’

‘मी खोटं काही बोललो नाही,’ मी म्हणालो.

‘नाही बोललात. म्हणूनच तर त्याला काही बोलता आलं नाही.’

मला लाज वाटली. कानशिलं गरम होईपर्यंत वाटली. त्या माणसाने दोन दिवस माझ्या गाडीखाली काढले, खांद्यावरून पाणी आणलं, आणि मी त्याचं काम खडूने पुसून टाकलं होतं, तेही हशा पिकवत. पुढे जागा मिळाली तिथे मी गाडी वळवली.

परत गावात

बस्त्याव बागेच्या तोंडाशीच होता. आमची गाडी पाहिली आणि त्याचा चेहरा पडला. धावत आला. आमच्याकडे पाहिलंही नाही, सरळ बॉनेटवर तळवा टेकवला.

‘तापली?’

‘नाही, नाही. अजिबात नाही तापली.’

त्याने हात उचलला नाही. खात्री करत होता. ‘मग काय झालं? काय विसरलं?’

‘हे विसरले,’ कुसुम म्हणाली.

मी खाली उतरलो. ‘बस्त्याव, मी राऊतशेटना अर्धंच सांगितलं. चला माझ्याबरोबर. मला उरलेलं सांगायचंय.’

‘राहू द्या, मास्तर. विहीर तर मीच लावली ना.’

‘आणि शाबास मी म्हणालो. तेही सांगायचंय. आणि नळीचंही.’

त्याने हात पँटला पुसले. दारातून कतरीनवहिनी त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाल्या, लहानसंच. मला ते कळलं नाही, पण बस्त्याव येऊन गाडीत बसला. मी रस्ताभर मनात वाक्यं जुळवत होतो. पहिलं वाक्य असं होतं: ‘राऊतशेट, सकाळी मी जे सांगितलं त्यात माझी एक मोठी चूक राहून गेली.’

गॅरेजसमोर मुंबईची एक टॅक्सी उभी होती, बॉनेट उघडं, इंजिन चालू, वाफा. आतली मंडळी उतरून सावलीला बसली होती आणि ड्रायव्हर वैतागून राऊतशेटशी बोलत होता. तिसऱ्यांदा पाणी भरलं, तिसऱ्यांदा गेलं. कुठे गळतंय ते सापडत नव्हतं. त्या दोन मेकॅनिकनी आधी इंजिन बंद करून नळ्या दाबल्या होत्या, रेडिएटरखाली वाकून पाहिलं होतं. सगळं कोरडं.

‘राऊतशेट,’ मी सुरू केलं, ‘सकाळी मी जे सांगितलं—’

‘दोन मिनिटं, मास्तर.’

बस्त्याव माझ्या शेजारी नव्हता. तो टॅक्सीपाशी उकिडवा बसला होता, मान वाकडी करून, फिरत्या पंख्यापासून हात जपत. त्याने पट्ट्यामागे खालून बोट नेलं आणि बाहेर काढलं. बोट ओलं होतं, तांबूस.

‘पंपाचं सील गेलंय, शेट,’ तो म्हणाला. ‘इंजिन फिरतंय तोपर्यंतच गळतं. तुम्ही बंद करून बघता तेव्हा थांबतं, म्हनून दिसत नाय. बागेतल्या पंपांना हेच होतं.’

मेकॅनिकांपैकी एकाने हसायला तोंड उघडलं, पण राऊतशेट खाली वाकले होते. त्यांनी स्वतः पाहिलं. इंजिन बंद करायला सांगितलं, परत पाहिलं. चालू करायला सांगितलं, परत पाहिलं. मग सरळ उभे राहिले, मेकॅनिकच्या हातातला पाना घेतला आणि बस्त्यावच्या हातात दिला.

‘सोमवारपासून आठला यायचं,’ ते म्हणाले. ‘आता हे खोल.’

बस्त्यावने शर्ट पँटमधून बाहेर काढला आणि गाडीखाली सरकला. मी अजून तिथेच होतो, बॉनेटला अगदी लागून, माझं पहिलं वाक्य ओठांवर घेऊन.

‘मास्तर,’ राऊतशेट म्हणाले, ‘जरा बाजूला सरा. त्याचा उजेड अडतोय.’

मी बाजूला झालो.